थोरलीचा आवाज

९ जानेवारी

संग्रहालयाच्या साहेबांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, सभागृहातला माइक बिघडला असणार. रेडिओतून निवृत्त झाल्यापासून लोक मला तेवढ्यासाठीच बोलावतात. पण साहेब मला सरळ मागच्या गोदामात घेऊन गेले आणि त्यांनी एक ताडपत्री बाजूला केली. करड्या रंगाचे तीन उभे टोप, एक मोठा आणि दोन त्याहून लहान, खाली मांडीएवढा जाड नळ. सगळं मिळून माझ्या खांद्याला येईल एवढं.

"थोरलीचा भोंगा," साहेब म्हणाले.

थोरली म्हणजे या बंदरातून अठ्ठावीस वर्षं समुद्रापार उतारू नेणारं जहाज. तिच्यामागून आलेलं जरा लहान जहाज ते धाकटी. थोरली अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी भंगारात गेली आणि तिचा भोंगा नदीच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा कागद गिरणीने छपरावर चढवला. गिरणी पाडताना तो सापडला.

दोन एप्रिलला उतारूंचा जुना धक्का संग्रहालय म्हणून उघडणार आहे. त्या दिवशी हा वाजला पाहिजे, तोही थोरली वाजायची तसाच, असं साहेबांचं म्हणणं. मी या गावात नोकरीला आले ती थोरली गेल्यावर तेरा वर्षांनी. तिचा आवाज मी ऐकला तो फक्त टेपवर. पण टेप आहे, हीच तर मोठी गोष्ट आहे. थोरली शेवटची निघाली तेव्हा आमच्या मास्तरांनी केलेलं ध्वनिमुद्रण रेडिओ दरवर्षी त्या तारखेला लावतो. अर्ध्या गावाच्या फोनची घंटा तीच आहे.

मी हो म्हणून आले. ताईला सांगितलं तर म्हणाली, "घरात वाजवणार नसशील तर माझी हरकत नाही."

११ जानेवारी

मास्तरांकडे गेले. शहात्तरचे आहेत, पण बसतात अजून ताठ. मला माइक कसा धरायचा, शांतता कशी रेकॉर्ड करायची, सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांचा एकच कडक नियम होता: एका ठिकाणचा आवाज दुसऱ्या ठिकाणचा म्हणून लावायचा नाही. मी एकदा पावसाच्या बातमीला जुना पाऊस लावला तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

भोंगा सापडला म्हटल्यावर त्यांचा चहा बशीत सांडला.

"चांगलं झालं," म्हणाले. मग, "वाजणार आहे का तो?"

"वाजवणारच. तुमची मूळ टेप लागेल मास्तर. रेडिओतली नकलेची नक्कल आहे, त्यावरून नेमका स्वर धरता येत नाही."

"मूळ टेप कुठे असेल आता." मग गुडघ्याचं बोलायला लागले. गुडघ्यावर अर्धा तास झाला.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "टेप लावतात ना दर वर्षी, त्या दिवशी हे घरात रेडिओ लावू देत नाहीत. सकाळीच फिरायला निघून जातात." किती हळवा माणूस! स्वतःचंच काम त्यांना ऐकवत नाही.

२० जानेवारी

आज पहिल्यांदा फुंकून पाहिला. कॉम्प्रेसरची हवा लावली. आवाज आला, पण आजारी गाय लांब कुठेतरी हंबरावी तसा. साहेबांचा चेहरा उतरला.

बंदरातल्या तेलाच्या टाक्या वाफेने धुवायला ट्रकवरचा एक बॉयलर आहे. त्याचा फिटर बघायला आला होता. पन्नाशीचा, हात सतत बोळ्याने पुसणारा. सगळे त्याला भाऊ म्हणतात. तो हसला.

"मॅडम, वाफेवर जगलेल्या माणसाला तुम्ही हवेवर ठेवलंय. गरम वाफेत आवाज पळतो, थंड हवेत रांगतो. माझा बॉयलर आणतो. मग बघा."

बंदराच्या कचेरीतून परवानगीला तीन आठवडे लागतील म्हणे. लागू देत.

२ फेब्रुवारी

रंग खरवडायला बसलो. भाऊंनी पातेली घासायची तार आणली होती. करड्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल, त्याखाली पितळ. मोठ्या टोपाच्या कडेला पाच आकडी नंबर निघाला. साहेबांकडे जहाज बांधणाऱ्या कारखान्याची यादी आहे, तिच्यात थोरलीच्या भोंग्यापुढे हाच नंबर. साहेबांनी तीनदा पडताळला आणि मग मला न विचारता माझ्याशी हस्तांदोलन केलं.

म्हणजे वस्तू खरी. आता फक्त आवाज.

५ फेब्रुवारी

थोरलीवर काम केलेलं कुणी हयात आहे का, हे शोधता शोधता इस्त्रीआजी सापडल्या. जहाजाच्या धुलाईखान्यात अकरा वर्षं होत्या. आता चौऱ्याऐंशीच्या. सुनेच्या घरी खिडकीपाशी बसून असतात. गेल्या गेल्या माझी कॉलर सरळ केली.

"भोंगा? अगं, ती आधी खाकरायची," म्हणाल्या. "खर्रर्र करून. गरम पाण्याचे शिंतोडे उडायचे खाली. वरच्या डेकवर पांढरे कपडे वाळत घातले की आम्ही आधी उचलून आणायचो. मग तिघी बोलायच्या."

"तिघी?"

"तीन आवाज. एक थोराड, दोन तिच्या कडेकडेने."

मी फोनवर टेप लावली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "छान आहे," म्हणाल्या. "कुणाचा?"

वय झालं की असं होतं. माझी आई शेवटी शेवटी मला शेजारीण समजायची. टेपवर स्वच्छ एकच स्वर आहे, पहिल्या क्षणापासून सरळ, तंबोऱ्याची एकच तार छेडावी तसा. खाकरणं नाही, काही नाही. मी वहीत सगळं लिहून घेतलं, पण फार वजन देऊन चालणार नाही.

सुनेने दोनदा चहा दिला. आजींनी निघताना विचारलं, "वाजेल तेव्हा मला न्याल का?" नेईन म्हटलं.

१५ फेब्रुवारी

वाफ! ट्रक धक्क्याच्या टोकाला लावला. भाऊंनी नळ जोडले, सगळ्यांना वीस पावलं मागे केलं आणि दोरी ओढली.

आधी नुसतं पाणी. खर्रर्र, थुंकल्यासारखं, मग बुडबुडे, मग खालून कुठूनतरी स्वर वर चढत आला आणि थांबला. एक नाही, तीन. जाड आणि दोन्ही बाजूंनी बारीक. माझ्या पायाखालचे दगड थरथरत होते. डोक्यावरचे पक्षी एकदम उठले.

मला रडायलाच आलं, हे इथे लिहून ठेवते. नंतर स्वर मोजायचं यंत्र लावून टेपशी ताडून पाहिला आणि रडू आटलं. टेपचा स्वर कितीतरी वर आहे. हा त्याच्या जवळपासही नाही.

१६ फेब्रुवारी

दिवसभर आकडे मांडले. ताई शाळेत गणित शिकवायची, तिला बसवलं. उत्तर तेच. वस्तू खरी आहे, टेप खरी आहे आणि दोन्हींचा मेळ नाही. याचा अर्थ एकच: गिरणीवाल्यांनी भोंग्यात फेरफार केला. कदाचित लहान टोप त्यांनीच मागून बसवले असतील आणि मोठा बदलला असेल.

इस्त्रीआजींचं खाकरणं मात्र जुळलं, हे खरं. पण पाणी कुठल्याही वाफेच्या नळात साठतंच.

१८ फेब्रुवारी

ठरलं. दोन्ही लहान टोप आतून बंद करायचे आणि मोठा खालून चार बोटं कापायचा. टोप आखूड झाला की स्वर चढतो. ताईच्या आकड्यांप्रमाणे बरोबर टेपवर येईल.

भाऊ तासभर टोपावर हात फिरवत बसले होते.

"मॅडम, गिरणीवाल्यांनी फेरफार केला म्हणता. मग करवतीची खूण कुठे आहे? जोड कुठे आहे? हे एकाच ओतकामाचं पितळ आहे तिन्ही."

"मग टेप खोटी आहे का?"

"ते मला काय माहीत. मला पितळ कळतं."

"आणि मला आवाज कळतो," मी म्हटलं. जरा जास्तच तोऱ्यात म्हटलं. भाऊ बोळ्याने हात पुसत उठले.

साहेबांनी सही केली. सव्वीस तारखेला लेथवर धातू कापणाऱ्या टर्नरच्या कारखान्यात काम.

२२ फेब्रुवारी

मास्तरांना फोन केला. वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांच्या टेपवर आवाज आणण्यासाठी आपण पितळसुद्धा कापतोय म्हटल्यावर पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, फोन कट झाला.

"कापल्यावर परत जोडता येईल?" त्यांनी विचारलं.

"नाही मास्तर. पण गरजच पडणार नाही."

"बरं," म्हणाले आणि खरंच फोन ठेवला. तब्येत बरी नसावी. काकूंना विचारायला हवं.

२६ फेब्रुवारी

हे आजच लिहून ठेवते.

टर्नरने टोप मशीनवर चढवला होता, खडूने रेघ मारली होती. सकाळचे दहा. भाऊ दाराशी उभे, तोंड फिरवून. टर्नरने मशीन सुरू केलं आणि तेवढ्यात दारात रिक्षा येऊन थांबली. मास्तर उतरले. पायात घरातल्या सपाता.

"बंद कर," म्हणाले. कुणाला म्हणाले कळेना. "पितळेला हात लावू नका. टेप खोटी आहे."

टर्नरने मशीन बंद केलं. कारखान्यात फक्त पंख्याचा आवाज राहिला.

मास्तर एका लाकडी खोक्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिले. थोरली निघाली त्या दिवशी ते अठ्ठावीस वर्षांचे, नोकरीला लागून पाच महिने झालेले. धक्क्यावर दहा हजार माणूस. त्यांनी मशीन लावलं, चाकं फिरत होती, सगळं नीट. थोरलीने तीन शिट्ट्या दिल्या आणि गेली. स्टुडिओत येऊन टेप लावली तर कोरी. गर्दीत कुणाच्या तरी पायाने माइकची वायर निघाली होती आणि कानाला हेडफोन लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. कारण ते बघत होते.

"जहाज बघत होतो गं. सगळ्यांसारखा."

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी निघाली. तिचा भोंगा घेतला. सुरुवातीची खरखर कापून टाकली, ऐकायला बरं वाटावं म्हणून. संध्याकाळी तो थोरलीचा म्हणून रेडिओवर लागला आणि गाव रडलं. स्टेशनप्रमुखांनी पाठ थोपटली.

"दोन पत्रं आली होती," मास्तर म्हणाले. "हा थोरलीचा आवाज नव्हे म्हणून. मी ती फाडून टाकली. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही. त्यानंतर कधीच आलं नाही."

टर्नरने त्यांना पाणी दिलं. भाऊंनी खडूची रेघ अंगठ्याने पुसून टाकली.

२८ फेब्रुवारी

मास्तरांचे दोन फोन. घेतले नाहीत.

४ मार्च

ताईशी भांडण. मी म्हटलं, मला एका जुन्या पावसापायी आठ दिवस अबोला आणि स्वतः अठ्ठेचाळीस वर्षं गावाला फसवत बसले.

"म्हणूनच तुला अबोला," ताई म्हणाली. "स्वतःवर धरता येत नव्हता, तुझ्यावर धरला."

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

"मी बाजू घेत नाही. हिशेबात एक पायरी चुकली होती, ती दाखवतेय." आणि भाजी चिरायला लागली.

मला जास्त चीड कशाची आली आहे, ते आज कळलं. मास्तर खोटं वागले याची तर आहेच. पण भाऊ म्हणाले करवतीची खूण नाही, आजी म्हणाल्या तिघी बोलायच्या, आणि माझ्या स्वतःच्या पायांखाली दगड थरथरले. हे सगळं सोडून मी एका फितीवर विश्वास ठेवला. का, तर ती मास्तरांची होती.

भाऊंना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, "सोडा हो मॅडम, मलाही कुठे खात्री होती. फक्त कापायची भीती वाटत होती."

९ मार्च

मास्तरांकडे गेले. काकू दार उघडून आत गेल्या. मास्तर आधीच कपडे करून बसले होते, जणू मी येणारच होते.

"साहेबांकडे जायचंय," म्हणाले. "एकटा गेलो असतो, पण जिना आहे."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी पांढरे पडले, मग लाल. मग म्हणाले, "हे कुणाला सांगायलाच हवं का? लोकांना ती टेप आवडते. टेप स्पीकरवर लावू, भोंगा काचेत ठेवू. लोक टाळ्या वाजवतील."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "साहेब, अठ्ठेचाळीस वर्षं मी हेच म्हणत आलोय. त्यातून काय मिळतं ते मला विचारा."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. शेवटी म्हणाले, "पण लोक म्हणतील, हा आपला आवाज नव्हे."

"म्हणतीलच," मास्तर म्हणाले. "तेव्हा मी तिथे उभा असेन."

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. मी धरू दिला. एवढंच. अजून सगळं पूर्वीसारखं नाही.

२१ मार्च

दहा दिवस भाऊंबरोबर. खाकरणं घालवायचं की ठेवायचं, यावर चर्चा. नळ आधी तापवून पाणी काढून टाकलं तर भोंगा एकदम स्वच्छ वाजतो. साहेबांना तसा आवडला. मी इस्त्रीआजींना गाडीतून आणलं आणि दोन्ही प्रकारे वाजवून दाखवला, कुठला कुठला ते न सांगता. तापवलेला ऐकून त्या गप्प. थंड नळातून खर्रर्र झालं तशी पदर डोक्यावर घेऊन मागे सरकल्या, शिंतोडे वीस पावलांवर पडत होते तरी. मग आपल्याच सरकण्याला हसल्या.

"हीच," म्हणाल्या.

खाकरणं राहिलं. भाऊंनी पुढच्या रांगा आणखी मागे घ्यायला सांगितल्या आहेत.

मास्तर रोज येऊन बसतात. माइक कुठे ठेवायचा यावर आज आमचं चांगलं दहा मिनिटं भांडण झालं. बरं वाटलं.

२ एप्रिल

ऊन लख्ख, वारा जमिनीकडून. माणसं दोन हजार तरी असतील. साहेबांचं भाषण, कुणा पाहुण्यांचं भाषण, मग मास्तर.

"माझा आवाज कापतोय, तो माइकचा दोष नाही," त्यांनी सुरुवात केली. लोक हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, कोरी टेप, धाकटी, फाडलेली पत्रं. तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील. हसू केव्हाच थांबलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे माझ्या वडिलांना आम्ही जो ऐकवला, तो धाकटीचा?" मास्तर म्हणाले, "हो. मला क्षमा करा." तो माणूस खाली बसला. टाळ्या नाहीत, शिव्याही नाहीत. मास्तर उतरले, माझ्या शेजारी ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी येऊन बसले, कानाला हेडफोन लावले. मी यंत्र त्यांच्याकडे सोपवलं.

भाऊंनी दोरी ओढली. पहिली शिट्टी खाकरत, थुंकत, वर चढत आली. लोकांनी कानांवर हात ठेवले. जवळच एक बाई नवऱ्याला म्हणाली, "शी, हा आपला नाहीच." दुसरी. तिसरी शेवटी शेवटी इतकी भरली की ती कुठून येते आहे हेच कळेना.

मग थांबली. दोन हजार माणसं आणि एक शब्द नाही. लोकांना आवडला की नाही, मला चेहऱ्यांवरून वाचता येईना.

आणि बाहेरून, बंदराच्या तोंडापलीकडून, उत्तर आलं.

लांब नांगरून पडलेलं एक धान्याचं मालवाहू जहाज. तिकडे कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. तीन लांब शिट्ट्या, एकामागून एक, सावकाश. समुद्रात जहाज जहाजाला निरोप देतं तशा. सगळी माणसं एकदम तिकडे वळली. मघाची ती बाई तोंडावर पदर धरून रडत होती. साहेब माझा दंड धरून "ऐकलंत? ऐकलंत?" करत होते, जणू मला ऐकूच आलं नसतं.

मास्तर हलले नाहीत. एक बोट वर धरून होते, आम्हा सगळ्यांना गप्प करत, शेवटची शिट्टी पाण्यावर विरेपर्यंत.

इस्त्रीआजींचं मत: "दुसरी आखूड झाली. आमचा कप्तान एवढा कंजूष नव्हता." भाऊंनी कान पकडले.

३ एप्रिल

सकाळी बंदराच्या सिग्नल मनोऱ्यातून फोन. मला वाटलं, विनापरवाना काहीतरी केल्याची तक्रार.

मनोऱ्यावरचे अधिकारी म्हणाले, "काल त्या धान्याच्या जहाजाच्या कप्तानाने वायरलेसवर विचारलं, सलामी दिली ते उतारू जहाज कुठलं? मला दिसत नाही. मी म्हटलं, जहाज नाही, नुसता भोंगा आहे धक्क्यावर. तर म्हणतो, ते तुमचं तुम्ही बघा, मी उत्तर दिलंय, मला वहीत कुणाला दिलं ते लिहावं लागतं."

"मग?"

"मग मी थोरलीचं नाव सांगितलं. एकेक अक्षर करून. त्याने लिहून घेतलं आणि वाचूनही दाखवलं. तुम्हाला कळवावं वाटलं."

ते जहाज आज दुपारी निघालंसुद्धा. थोरलीचं नाव वहीत घेऊन.

मास्तरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "वेळ किती लिहिलीय त्याने?"

"अकरा वाजून बारा."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "कालच्या टेपच्या डबीवर मीही अकरा बाराच लिहिलंय."